एकशे बारा पानांवरचा हात

त्या फ्रेंच चित्रकारानं मला फसवलं. पैशात नाही. पैसे त्यानं ठरल्या दिवशी, ठरल्याप्रमाणे दिले, त्याबद्दल माझी तक्रार नाही. त्यानं माझ्याकडून चित्रकथेची एकशे बारा पानं काढून घेतली आणि स्वतःच्या हातची म्हणून छापली. लोक त्याला थोर म्हणतात. त्याच्या देशात त्याच्या चित्राचं पोस्टाचं तिकीट निघालंय, असं त्यानंच मला तीन वेळा सांगितलं होतं. निघालं असेल. तिकीट चाटून चिकटवायचं असतं, एवढाच त्याचा उपयोग.

मी बोर्ड रंगवतो. मिरजेत असताना सायकलच्या दुकानापासून दातांच्या दवाखान्यापर्यंत सगळ्यांची नावं मी लिहिली. मग फ्लेक्स आला, ब्रशवाल्याला कुणी विचारेना, तेव्हा कतारला आलो. पहिली सहा वर्षं दुसऱ्याच्या वर्कशॉपमध्ये काढली, आठजणांच्या खोलीत. आता कतारच्या उत्तर टोकाला, मदिनत अश शमालमध्ये माझं स्वतःचं दुकान आहे. कागदावर कतारी भागीदार आहे, तो वर्षातून दोनदा चहा प्यायला येतो. घर मात्र दोह्यात, ओल्ड एअरपोर्टला, कारण मुलीची शाळा तिथं. रोज शंभर किलोमीटर वर आणि शंभर किलोमीटर खाली. हे सगळं मी भाव करून मिळवलेलं आहे. घरमालकाशी केला, माल देणाऱ्याशी केला, शाळेच्या बसवाल्याशीसुद्धा केला. मला कुणी काही फुकट दिलं नाही आणि मी कुणाला पहिल्या आकड्यावर सोडलं नाही.

दुकानात अक्षरं कापायचं मशीन आहे, पण लाकडी होडीच्या पाठीवर नाव अजून हातानंच लिहावं लागतं. त्यासाठी मी जवळच्या अल रुवैसच्या बंदरावर जातो. अरबी मला वाचता येत नाही, लिहिता उत्तम येतं. एके सकाळी मी एका होडीच्या कडेनं लांब निळी रेघ ओढत होतो. अशी रेघ श्वास रोखून, खांद्यातून, एकदाच ओढायची असते; मधे थांबलं की गाठ पडते. रेघ संपली तेव्हा मागं एक गोरा म्हातारा उभा होता. गळ्यात रुमाल, डोक्यावर गवताची टोपी, काखेत वही. त्यानं विचारलं, पुन्हा ओढशील का? मी म्हटलं, होडीला दोनच कडा असतात, दुसरी उद्या.

दुसऱ्या दिवशी तो पुन्हा आला. तिसऱ्या दिवशी दुकानातच आला. त्याचं इंग्रजी माझ्याइतकंच मोडकं होतं, त्यामुळे आमचं चांगलं जमलं. त्यानं पिशवीतून कागद काढले. पेन्सिलीनं आखलेल्या चौकटी, चौकटींत होड्या, होड्यांवर माणसं. सगळ्या रेघा थरथरत्या. मला वाटलं चालत्या गाडीत काढलंय. त्यानं दोन्ही हात माझ्यापुढं धरले तेव्हा कळलं.

हात थरथरतो याला मी हसत नाही. माझ्या वडिलांचाही थरथरायचा. मी हसतो ते पुढच्या गोष्टीला. त्यानं सांगितलं की गेली सहा वर्षं त्यानं हे लपवून ठेवलंय. मधल्या दोन पुस्तकांत रेघा थरथरत्याच छापल्या, आणि तिकडच्या जाणकारांनी लिहिलं की उतारवयात त्याची रेघ मोकळी झाली. मोकळी! मिरजेत अशा मोकळ्या रेघेचा बोर्ड मी दिला असता तर गिऱ्हाइकानं तो माझ्याच डोक्यात घातला असता.

पण हे पुस्तक होड्यांचं होतं. त्यात दोरखंड, डोलकाठ्या आणि क्षितिज. तिथं मोकळं चालत नाही, हे त्यालाही कळत होतं. त्याला हवं होतं की त्याच्या पेन्सिलीवर मी काळ्या शाईनं रेघा ओढाव्यात.

"पानाला किती घेशील?" त्यानं विचारलं.

"पानाला नाही. चौकटीला."

"का?"

"काही पानांत तीन चौकटी आहेत, काही पानांत अकरा. तुम्ही मला अकरावालीच द्याल."

तो हसला. म्हणाला, "उस्ताद, तू माझ्या प्रकाशकाच्या वरचा निघालास."

मी आकडा सांगितला. चढाच सांगितला होता, पुढं घासाघीस करायची म्हणून. खुर्चीसुद्धा पुढं ओढून बसलो होतो. तो म्हणाला, ठीक आहे. तिथंच मला उठून दार दाखवायला हवं होतं. गिऱ्हाईक पहिल्या आकड्याला मान डोलावतं तेव्हा तुम्ही ज्याचा भाव लावलाच नाही असं काहीतरी ते घेऊन चाललेलं असतं. वीस वर्षं हे मी दुसऱ्यांना सांगतोय. त्या दिवशी मात्र मी घरी जाऊन बायकोला फुशारकी मारली. ती कणीक मळत होती. म्हणाली, "अहो, एवढ्या सहज दिले म्हणजे त्याला काहीतरी स्वस्तात मिळालंय." मी तिला म्हटलं, तुला धंद्यातलं काय कळतं. हे वाक्य आता ती मला महिन्यातून एकदा ऐकवते.

दुपारी बारा ते चार शमालचा बाजार बंद असतो. त्या वेळात तो यायचा. काचेच्या टेबलाखाली मी दिवा बसवून घेतला होता, म्हणजे कागदावरची फिकी पेन्सिलही उजेडात नीट दिसायची. मी हाताखाली टेकायची काठी घेऊन शाई ओढायचो आणि तो समोर बसून स्वतःचं आयुष्य सांगायचा. चहा माझा, एसी माझा, आयुष्य त्याचं.

जन्म समुद्रकाठच्या गावात. आई मासळी डबाबंद करायच्या कारखान्यात. डब्यांच्या खोक्याचे पुठ्ठे ती घरी आणायची, त्यावर हा चित्रं काढायचा. सतराव्या वर्षी पुठ्ठ्यांची चळत घेऊन पॅरिसला गेला आणि एका नामांकित चित्रकथाकाराच्या स्टुडिओत चिकटला. तिकडे म्हणे ही चित्रांची पुस्तकं मोठी माणसंही वाचतात, टाय लावून. स्टुडिओत त्याचं काम घोडे, चाकं आणि खिडक्या काढायचं. मालक माणसांची नाकं काढायचा आणि खाली सही करायचा. अकरा वर्षं यानं घोडे काढले. मुखपृष्ठावर नाव मालकाचं.

एक प्रसंग तो पुनःपुन्हा सांगायचा. कुठल्याशा जत्रेत मालक पुस्तकांवर सह्या करत बसला होता आणि हा त्याचा कोट हातात धरून मागं उभा. रांगेतल्या एका मुलीनं विचारलं, हा घोडा तुम्हीच काढलात? मालक म्हणाला, हो तर. हा कोट धरून उभाच राहिला. हे सांगताना त्याच्या डोळ्यांत पाणी यायचं. पहिल्यांदा सांगितलं तेव्हा मी ब्रश खाली ठेवून त्याच्या खांद्यावर हात ठेवला. ब्रशमधली शाई वाळून गेली, तो ब्रश गेला. तो म्हणाला होता, "त्या दिवशी ठरवलं उस्ताद, मी हे कुणाशी करणार नाही."

मग मालक मेला आणि याचे दिवस आले. यानं दीपगृहाच्या रखवालदाराची मालिका काढली. रखवालदार खुनांचा छडा लावतो. बावीस पुस्तकं. मी विचारलं, दीपगृहात माणूस एकटा असतो, त्याला बावीस खून सापडतात कुठं? तर त्याला राग आला, दोन दिवस आला नाही. त्या बावीस पुस्तकांवर दोन घरं झाली, त्यातलं एक पहिल्या बायकोबरोबर गेलं. बक्षिसं मिळाली, सिनेमा निघाला. दुसरी बायको गॅस कंपनीत इंजिनिअर, तिला दोह्यात नोकरी लागली, आणि हा थोर माणूस तिच्या व्हिसावर इथं आला. मी माझ्या व्हिसावर आलोय, एवढं नोंदवून ठेवतो.

पहिल्या वीस पानांत मी त्याच्या पेन्सिलीवरूनच गेलो. ते काम त्याचंच होतं, ते मी नाकारत नाही. पण त्याचा हात बिघडत गेला आणि पेन्सिल फिकी होत गेली. तिसाव्या पानापासून माणसांच्या जागी नुसती अंडी असायची. पन्नासाव्यापासून चौकटीत निळ्या पेन्सिलीनं शब्द असायचे: इथे माणूस रागावलेला, इथे पाऊस, इथे जाळं, आठ हात. बाकी कागद कोरा. मी विचारलं, हात कसे? तो म्हणाला, "तुला माहीत आहेत."

मला माहीत नव्हते. अक्षरं लिहिणाऱ्याला हात कुठून माहीत असणार? मी दोन दिवस पहाटे रुवैसच्या बंदरावर जाऊन जाळी ओढणाऱ्यांचे हात बघत उभा राहिलो. एक केरळचा होता, त्याचं डाव्या हाताचं मधलं बोट अर्धंच होतं, जाळं ओढायच्या चाकाच्या दोरात गेलेलं. काम न थांबवता तो म्हणाला, "क्या देखता है भाई, बाकी साडेनौ है ना." मी ते साडेनऊ बोटांसकट काढले. छप्पन्नावं पान. ते संपलं तेव्हा चार वाजून गेले होते, बाहेर गिऱ्हाईक शटर वाजवत होतं आणि मी उघडलं नाही. शटर वाजत असताना आत बसून राहण्याची माझ्या आयुष्यातली ती एकच वेळ.

चित्रकार त्या दोन पहाटे गाडीत बसून होता. एसी लावून.

शाई वाळली की खालची पेन्सिल खोडायची असते. तेही काम माझंच. म्हणजे कुठल्या पानावर त्यानं काय काढलं होतं आणि काय काढलंच नव्हतं, याचा सगळा पुरावा मीच खोडरबरानं पुसला आणि फुंकर मारून उडवला. पूर्ण झालेली पानं तो घेऊन जायचा.

आता माझी चूक सांगतो. माझ्या दुकानाच्या परवान्यावर काय लिहिलंय? बोर्ड तयार करणं आणि रंगवणं. पुस्तकाची चित्रं काढणं त्यात बसत नाही. बलदियाचा, म्हणजे नगरपालिकेचा माणूस कधीही येतो आणि बिलांची फाइल उघडून बसतो. परवान्यात नसलेलं काम सापडलं की आधी दंड, मग फेऱ्या. चित्रकाराच्या बायकोला दर पंधरा दिवसांनी बिल हवं असायचं, हिशेबाला लावायला. तेव्हा इथला प्रत्येक छोटा दुकानदार जे करतो तेच मी केलं. परवान्यात बसेल असं लिहिलं. प्रत्येक बिलावर, माझ्या अक्षरात, इंग्रजीत: जुने बोर्ड पुन्हा रंगवले, नग इतके. चौकट म्हणजे नग. खाली सही आणि दुकानाचा शिक्का. मला तेव्हा ती हुशारी वाटली होती.

पुस्तक आलं ते मला त्यानं दिलं नाही. मुलीच्या शाळेच्या लायब्ररीत आलं. ती नववीत आहे, तिला फ्रेंच विषय आहे. मराठी तिला सगळी कळते, उत्तर इंग्रजीत देते. तिनं ते घरी आणलं आणि मी जेवता जेवता उठून हात धुवून बसलो. छापून आलेली आपली रेघ बघणं ही काय गोष्ट असते ते मी सांगत बसत नाही. मी तिला म्हटलं, बघ, हे बाबानं काढलंय. तिनं मुखपृष्ठ बघितलं, मग मला बघितलं. शेवटच्या पानावर आभार होते. ते तिनं मला समजावून वाचले. बायकोचे, प्रकाशकाचे, एका कुत्र्याचे. आणि सगळ्यांत खाली: उत्तरेकडच्या त्या भल्या बोर्डवाल्याचे आभार, त्याच्या गोड चहासाठी.

माझा चहा छापला. हात नाही.

मुलगी म्हणाली, "बट बाबा, यू जस्ट ट्रेस्ड इट, राइट?" लागेल असं ती बोलली नव्हती. उलट मला बरं वाटावं म्हणून पुढं म्हणाली की ट्रेसिंगसुद्धा अवघड असतं, त्यांच्या आर्टच्या वर्गात कुणाला नीट जमत नाही. बायको ताटं उचलत होती ती थांबली. मी मुलीला सगळं सांगितलं, अंडी, निळे शब्द, साडेनऊ बोटं. ती ऐकत होती, मान हलवत होती, आणि मला दिसत होतं की तिचा विश्वास बसत नाहीये. दर शुक्रवारी भाव करताना मी भाजीवाल्याला काय काय सांगतो हे तिनं लहानपणापासून ऐकलेलं आहे. तिच्या लेखी हेही त्यातलंच.

मग शाळेनं त्याला बोलावलं. संध्याकाळी पाचचा कार्यक्रम, पालकांसह. आमच्याकडच्या मराठी मंडळींतली गॅस आणि तेलवाली कुटुंबं पुढच्या रांगेत, परफ्यूम मारून. गाडीत मुलगी म्हणाली, "बाबा, प्लीज, नो सीन." मी म्हटलं, मी फक्त ऐकायला येतोय. तेव्हा मला खरंच तसं वाटत होतं.

त्यानं स्टेजवर मोठ्या कागदावर जाड मार्करनं रखवालदार काढला. रेघ ही अशी वाकडीतिकडी. पोरांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या शेजारी पुण्याचे एक साहेब बसले होते, रिफायनरीत आहेत. ते पुटपुटले, "काय रेघ आहे! उगाच नाही हो." मी त्यांना विचारलं, तुमच्या बंगल्यावरच्या नावाची पाटी अशा रेघेत करून देऊ का? ते सरकून बसले.

मग पडद्यावर छप्पन्नावं पान आलं. त्यानं सांगितलं की या हातांसाठी तो कितीतरी दिवस बंदरावर उन्हात बसला होता, कष्टकऱ्यांचे हात त्यानं मनात साठवले. माझी मुलगी माझ्याकडे न बघता समोर बघत होती. प्रश्न विचारा म्हणाले तेव्हा मी उभा राहिलो.

मी इंग्रजीत विचारलं, "त्या जाळ्यातल्या एका हाताचं बोट अर्धं आहे. ते का?"

तो वळून पडद्याकडे बघायला लागला. शोधत होता. सगळ्या हॉलनं बघितलं की तो शोधतोय. स्वतःच्या चित्रात. सापडल्यावर त्यानं रुमाल नीट केला आणि म्हणाला, "समुद्र माणसाकडून काहीतरी घेतोच. ते त्याचं प्रतीक आहे." पुन्हा टाळ्या. मी म्हणालो, प्रतीक नाही, तो माणूस आहे, केरळचा आहे, आणि हे पान मी काढलंय. शेवटचं बहुतेक कुणाला ऐकू गेलं नाही, कारण शिक्षिकाबाईंनी माइक दुसरीकडे दिला होता. पुण्याचे साहेब माझी बाही ओढत मराठीत म्हणाले, "अहो बसा. आपलीच लाज जाते."

आपली! तुझी कशी काय जाते रे?

नंतर बाहेरच्या व्हरांड्यात मी त्याला गाठलं. बरोबर त्याची बायको. मुलगी माझ्या मागं दोन पावलांवर. मी काही मोठं मागितलं नाही. म्हटलं, दुसऱ्या आवृत्तीत नाव घाला, बोर्डाच्या कोपऱ्यात रंगाऱ्याचं असतं तेवढं बारीक. आणि आत्ता फक्त हिला सांगा की पन्नासाव्या पानापुढं काढलं कुणी. तो माझ्याकडे बघेना. बायको शांत बाई. आवाज चढवला नाही, फोन काढला आणि एकेक करून माझी बिलं दाखवली. सगळी स्कॅन करून ठेवलेली. म्हणाली, "हे तुमचंच अक्षर आहे. जुने बोर्ड पुन्हा रंगवले. तुम्हीच लिहिलंय की पुन्हा रंगवले." मग हळूच असंही म्हणाली की दुसरं काही काम केलं असेल तर तुमच्या परवान्याचा प्रश्न येईल, ते तुम्हाला नको असेल.

तिनं माझ्याशी जो भाव केला तो मी केला असता तर अभिमान वाटला असता. आयुष्यात पहिल्यांदा मी समोरच्याचा पहिला आकडा मान्य केला. तेवढ्यात मुलीनं वाकून फोनवरचं बिल वाचलं. सावकाश वाचलं. मग म्हणाली, "लेट्स गो, बाबा." तेव्हापासून त्या पुस्तकाचा विषय तिनं काढलेला नाही. तिनं समजून घेतलंय की बाबानं काहीतरी वाढवून सांगितलं होतं, आणि ती मला लाजवत नाही. चांगली मुलगी आहे. तेच मला सहन होत नाही.

बिलात मी खोटं लिहिलं, कबूल. दुकान वाचवायला लिहिलं. पण बिलातलं माझं खोटं म्हणून चित्रातलं त्याचं खरं होत नाही. बलदियानं मला दंड करायचा असेल तर करावा. म्हणून तर मी हे इथं लिहून टाकतोय, माझ्या अक्षरात.

उन्हाळ्यासाठी तो फ्रान्सला गेलाय, सप्टेंबरात परत येईल. माझा पत्ता त्याला माहीत आहे. मला वकील नको, पैसा नको, दुसरी आवृत्तीही गेली खड्ड्यात. त्यानं जिना चढून माझ्या घरी यावं. माझ्या मुलीसमोर बसावं आणि ते पुस्तक पन्नासाव्या पानापासून उलटत जावं. प्रत्येक पानाला ती एकच विचारेल, हे तुम्हीच काढलंत का? अकरा वर्षं दुसऱ्याचे घोडे काढलेल्या माणसा, तिच्या डोळ्यांत बघून उत्तर दे.